कोरडा ओटा

“डोळ्याला कसलं विचारतेस? हाताला विचार!” असं म्हणून काका माझ्या हातातून जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, काढून घ्यायचे, तर्जनीचं टोक त्याच्या कडेवरून एकदाच फिरवायचे आणि सांगायचे, “इथं पाव सूत जास्त आहे.” मी चिडून व्हर्निअर लावायचे. पाव सूत जास्त असायचंच. मला त्याचा भयंकर राग यायचा.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकचे साचे बनवायचा छोटा कारखाना. मी तिथे ड्रॉइंग करते, म्हणजे कॉम्प्युटरवर डबे, झाकणं, मुठी काढते. काका ते लोखंडात उतरवायचे. त्यांना नाव होतं, पण मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे काकाच म्हणायचे, तर मीही इथे तेच म्हणते. तयार मालात खोट सापडली की ते त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचे. एकदा मालकांनी स्वतः काढलेल्या डिझाइनवर ओढला. “साहेब, तुमचं आहे म्हणून ओके कसं म्हणू?” मालक तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी डिझाइन बदललं.

माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण साखर पेरतो. आणि काकांना साखर चालायची नाही, हा त्यांचाच विनोद. मधुमेहाचा.

निवृत्त झाल्यावर त्याच साखरेनं त्यांचे डोळे नेले. आधी समोरचा माणूस धुरकट झाला, मग नुसती सावली उरली, मग तीही गेली. काकी त्याआधीच गेलेल्या. ठाकुर्लीच्या चाळीत दोन खोल्यांत काका एकटे. मुलगी शहाडला, तिथल्या एका शाळेत क्लार्क. “बाबा, माझ्याकडे चला” म्हणून म्हणून ती थकली, पण काका जाईनात. कारण एकच होतं. त्यांना स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा होता.

काकींच्या शेवटच्या आजारपणात ते शिकले. त्या कॉटवरून सांगायच्या, हे करायचे. पिठलं, भात, बटाट्याची भाजी, डाळ. काकी गेल्या, पण काकांनी शेगडी सोडली नाही. डबा लावा म्हटलं की चिडायचे. “भूक आपली आणि वेळ दुसऱ्याची? नाही जमणार मला.” मला वाटतं, खरं कारण वेगळं होतं. फोडणी घालताना ते मध्येच थांबायचे आणि जरा वेळानं हळद टाकायचे. कोणीतरी सांगायची वाट बघावी, तसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “कढई तापू देत होतो.”

डोळे पूर्ण गेल्यावर एके सकाळी तेल ओतताना बाटली हातात जास्त कलंडली. तेल बर्नरवर गेलं, जाळ उठला, भांडी पुसायचं फडकं पेटलं. शेजारची बाई धावत आली म्हणून निभावलं. संध्याकाळी मुलगी आली, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि पर्समध्ये घातला. “दिवाळीपर्यंत शेजारच्या काकूंकडून डबा येईल. तोवर काय करायचं ते करा. दिवाळीआधी मी येईन. माझ्यासमोर तेल भरायचं, भाजी करायची. थेंब जरी सांडला तरी शेगडी कायमची बंद आणि तुम्ही माझ्याकडे.”

मुलगी कठोर होती असं समजू नका. ती घाबरलेली होती. तिच्या जागी मी असते तर शेगडीही उचलून नेली असती.

दुसऱ्या दिवशी मला काकांचा फोन. “घरचं एक काम आहे. तेलाची बाटली बनवायची. येतेस का?”

मी गेले. काका म्हणाले, “तू डबे काढतेस ना, मग सांग, तेलाचं दुखणं काय असतं?” मी नळी, मूठ, झाकण असं काहीबाही सांगितलं. ते हसले. “घरी तेल तू ओततेस की सासूबाई?” खरं सांगायचं तर सासूबाई. आमच्याकडे तेलाच्या बाटलीखाली पेपरची घडी असते. तुमच्याकडेही असणार, नाही म्हणू नका. ओतून झालं तरी धार मागे वळते, बाटलीच्या अंगावरून ओघळ उतरतो, ते पुसून पुसून बाटली चिकट होते आणि एक दिवस हातातून सटकते. इतकी वर्षं मी झाकणं काढतेय, पण त्या ओघळाबद्दल कधी विचारच केला नव्हता.

“धार तुटली पाहिजे,” काका म्हणाले. “आणि किती पडलं ते न बघता कळलं पाहिजे. आणि भरताना कधी थांबायचं तेही. पाणी भरताना आवाज बदलतो. तेलाचा बदलत असेल, पण मला काही पत्ता लागत नाही.”

मालकांना मी सांगितलं, नवीन प्रॉडक्ट आहे. ते खोटं नव्हतं. पुढचे दोन महिने कारखान्यातून सुटले की मी ठाकुर्लीला. पहिला नमुना घेऊन गेलेले तेव्हा काकांनी चोचीच्या ओठावरून बोट फिरवलं आणि कानस मागितली. ओठ इतका धारदार केला की तेलाची धार कापल्यासारखी तुटायला लागली. मग मापाचं काम. बाटली दाबली की तेल नळीतून वरच्या छोट्या कपात चढायचं, दोन चमचे झाले की जास्तीचं आपोआप खाली परतायचं. मग कलंडायची, दोनच चमचे पडणार. याला आम्ही पाच नमुने फुकट घालवले. चौथ्याच्या वेळी मी म्हटलं, “काका, मी आता हे तुमच्या डोक्यावर ओतेन.” ते म्हणाले, “ओत. बघू दोनच चमचे पडतात का.”

भरण्याचा उपाय त्यांचा. बाटलीत एक तरंगती गोळी, गोळीवर उभी काडी. एका बाजूनं पिशवीतलं तेल ओतायचं, दुसऱ्या बाजूच्या भोकावर तर्जनी ठेवायची. तेल वर आलं की काडी बोटाला टोचणार. टोचलं की थांबायचं, एवढंच. मी लगेच हो म्हटलं. ज्या बोटाला पाव सूत कळायचं, त्याला काडी कळणार नाही असं कोणाच्या मनात येईल?

माझ्या मनात आलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका संध्याकाळी काकांच्या त्याच बोटावर मला फोड दिसला, चांगला टरारलेला. “हे काय, कुठे भाजलं?” मी विचारलं. “कुठे काय?” म्हणाले. त्यांना माहीतच नव्हतं. माझ्या आईला मधुमेह होता. पायातली चप्पल कधी निसटली ते तिला कळायचं नाही, मागून येणारी माणसं आणून द्यायची. म्हणजे मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. पण काडी नीट बसली होती, काका कधी नव्हे ते खुश होते, आणि मी म्हटलं, “काही नाही, डाग आहे.”

दिवाळीआधीच्या रविवारी मुलगी रेग्युलेटर घेऊन आली. तेलाची नवी पिशवीही आणली होती. “आधी भरून दाखवा,” म्हणाली. काकांनी पिशवीचा कोपरा चाचपून कापला, डावी तर्जनी भोकावर ठेवली आणि ओतायला लागले. तेवढ्यात मुलीचा फोन वाजला, म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली.

काडी वर आली. मला दिसली. बोटाला टेकली, टोक पांढरं पडेपर्यंत रुतली. काका ओततच होते. तेल काठाशी आलं, काठावरून ओट्यावर उतरलं. तेव्हा कुठे ते म्हणाले, “लागलं,” आणि पिशवी सरळ केली. चेहऱ्यावर समाधान होतं. आपण वेळेवर थांबलो असंच त्यांना वाटलं होतं.

मी ओढणीनं ओटा पुसून टाकला. विचार वगैरे काही केला नाही. मुलगी परत आली तेव्हा ओटा कोरडा होता.

मग काकांनी भाजी केली. दोन चमचे तेल, मोहरी, मिरची, हळद, बटाटे. एक थेंब इकडेतिकडे नाही. मुलीनं उभ्या उभ्याच कढईतून चमचाभर खाल्ली. तिचे डोळे भरले. “आईसारखी झालीय,” म्हणाली. “राहू दे शेगडी, बाबा. मी हरले.”

“थांब,” काका म्हणाले. “भरताना सांडलं होतं.”

“नाही हो, मी बघितलं ना. ओटा कोरडा आहे.”

“हिनं पुसला. हिच्या बांगड्या वाजल्या.” माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, “कोरडा ओटा कोणी पुसतं का गं?”

मुलगी म्हणाली, “जाऊ दे ना बाबा! मी काही पाहिलं नाही. नसतं सांगितलंत तरी चाललं असतं.”

“तुला दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. म्हणून सांडलं नाही असं होतं का?”

मग त्यांनी मला ती काडी बाहेर काढायला लावली. बोट पुढे केलं. “टोच.” मी टोचली. ते वाट बघत राहिले. “अगं, टोच ना.”

“टोचलीय, काका.”

“अस्सं,” म्हणाले. चाचपत खाली बसले, रेग्युलेटर बंद केला, काढला आणि मुलीपुढे धरला. ती घेईना. तेव्हा त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि कढई घासायला घेतली.

त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले. ओटा पुसल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, आजही नाही. पण फोड दिसला तेव्हाच बोलले असते, तर आम्ही बोटाचा नाद सोडला असता, दुसरं काही शोधलं असतं. तेव्हा वेळ होता. मी त्यांचं मन राखायला गेले आणि त्यात त्यांची शेगडी गेली.

काका शहाडला गेले. महिन्याभरानं मी तिथे गेले आणि सगळं कबूल केलं. ते ऐकत राहिले. “खोट दिसली की सांगायचं असतं,” एवढंच म्हणाले. मग विचारलं, “बरं, आता कशावर करायचं? बोट गेलं.” मी म्हटलं, “कानावर. काडीच्या जागी वर घंटीसारखी वाटी बसवू. तेल वर आलं की आतली छोटी गोळी वाटीवर आपटेल.” किती दिवसांनी त्यांची मान वर आली! मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, “जमलं ना, ताई, तर माझ्या ओट्यावर दर रविवारी भाजी बाबांची. मी फक्त शेजारी उभी राहीन.”

नमुना घेऊन गेले तेव्हा उन्हाळा लागला होता. काकांनी पाणी भरून बघितलं. टक्. पुन्हा भरलं. टक्. त्यांनी मान डोलवली. मला वाटलं, झालं. तर म्हणाले, “कुकरची शिट्टी चालू असताना ऐकू येईल का?” मी हे तपासलंच नव्हतं. मुलीनं मुद्दाम कुकर चढवला. शिट्टीत टक् पार बुडून गेलं. “रिजेक्ट!” काका इतके खुशीत ओरडले की आतून नातवंडं धावत आली. मला राग आला आणि बरंही वाटलं. पुढचा नमुना पंधरा दिवसांत आणते, असं मी सांगून आले.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. कारखान्यात काम होतं, घरी पाहुणे होते, कारणं काय, खूप असतात. स्टीलची वाटी आणि जड गोळी घालून नमुना तयार झाला, त्याच आठवड्यात सकाळी मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काही दिवसांनी मी शहाडला गेले. बाटली न्यावी की नाही कळत नव्हतं, तरी नेली. मुलगी स्वयंपाकघरात होती, कुकर चढवलेला होता. तिनं बाटली हातात घेतली, तेलाची पिशवी कापली आणि भरायला लागली. कुकरची शिट्टी सुरू झाली. त्या शिट्टीतून वाटी स्वच्छ वाजली.

तिचा हात तिथेच थांबला. “ऐकू आलं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हटलं. आणि आम्ही दोघी काका बसायचे त्या बाहेरच्या खोलीकडे बघत उभ्या राहिलो, त्यांना सांगायचं होतं म्हणून.