आठ फुटांवरचं कडं

माझी वहिनी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर लावते. डॉक्टर हाड बसवतात, ती ते बांधते. बावीस वर्षं झाली. आधी मऊ कापसाची गुंडाळी, मग कोमट पाण्यात बुडवून पिळलेली पट्टी, एकावर एक फेरे, आणि शेवटी तळहाताने गुळगुळीत करणं. तिच्या नखांच्या कडेची पांढरी रेघ कितीही घासली तरी जात नाही. दवाखान्यात तिचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकलेला नाही. तो चढायचा घरी. माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणायचा, "लिफ्ट अडकली तर मी काढतो, हिचं डोकं अडकलं की देवसुद्धा जिन्याने जातो."

मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. आमचं दार आणि त्यांचं दार समोरासमोर, त्यामुळे तिच्या रागाचा पहिला वाटा नेहमी माझा. एरवी ती मला 'अगं' म्हणते. 'वन्सं' म्हणाली की समजायचं, आपली धडगत नाही.

त्या सोमवारी ती चपला न काढताच आत आली. "वन्सं, तुमच्या शाळेत मुली खेळतात की मारामारी करतात?"

आमच्या शाळेतली तिसरीची एक मुलगी दवाखान्यात आली होती. आठ वर्षांची, मनगट सुजून टम्म. या सहामाहीत तिसऱ्यांदा. आधी दोन वेळा बोटं, आता मनगटाचं हाड. प्लास्टर लावताना ती वहिनीला हळूच म्हणाली होती, "ताई, अंगठा मोकळा ठेवा ना. सरांनी सांगितलंय, अंगठा हलत असला तर शनिवारी खेळता येईल."

"आठ वर्षांची पोर गं!" वहिनी म्हणाली. "रडली नाही. कुठे दुखतंय ते सांगितलं नाही. अंगठ्याचं तेवढं विचारलं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, खेळ म्हटलं की लागायचंच." हे वाक्य माझं नव्हतं, आमच्या खेळाच्या सरांचं होतं. सरांचा आवाज असा की मैदानावरचा हुकूम तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतो; मुली त्यांना मागून 'भोंगा सर' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी हजर. "अपघाताची वही काढ."

मी काढली. तिने उभ्याउभ्याच पानं उलटली. नेटबॉलच्या एकतीस नोंदी होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: किरकोळ.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"यातली चार हाडं मी माझ्या हाताने बांधलीत. किरकोळ म्हणजे काय गं तुझ्या भाषेत?"

"सर सांगतात तसं मी लिहिते, वहिनी."

"उद्या सर म्हणाले की तू खुर्ची आहेस, तर चार पाय काढून दाखवशील?"

मला राग आला. शिपाई ऐकत होता. पण रागाच्या खाली लाज होती आणि ती जास्त झोंबत होती, म्हणून मी वही मिटून कपाटात ठेवली.

ती तिथून थेट मैदानावर गेली, मी तिच्या मागे.

नेटबॉल म्हणजे सात विरुद्ध सात. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा नाही. तीन सेकंदांच्या आत दुसरीकडे फेकायचा आणि खांबावरच्या कड्यातून खाली पाडायचा. कडं दहा फुटांवर. मोठ्या मुली खेळतात तेव्हा बघायला सुंदर दिसतं. तिथे त्या दिवशी दुसरी-तिसरीच्या मुली होत्या, आणि मैदान, चेंडू, खांब सगळं मोठ्यांचं. दोन उंच मुली एकमेकींकडे चेंडू फेकत होत्या, बाकीच्या थंडीत उभ्या असल्यासारख्या हात छातीशी धरून. एक जाडसर मुलगी कड्याखाली उभी होती. मी पंधरा मिनिटं पाहिलं, तिच्याकडे चेंडू एकदाच आला, तोही नाकावर. सर ओरडले, "झोपलीस का गं?"

वहिनी सरळ खेळात शिरली आणि तिने चेंडू उचलला.

"ओ बाई, मैदानाबाहेर व्हा!"

"हा चेंडू कुणाच्या मापाचा?" तिने जवळच्या मुलीचा पंजा चेंडूवर ठेवला. "बघा. अर्धासुद्धा हातात मावत नाही. मग जोरात आला की बोटं मागे वळतात. बोटं इथे वळतात, आणि सरळ मी करते."

"लहानपणापासून मोठ्याची सवय लागली पाहिजे," सर म्हणाले.

"मग पहिलीच्या पोरांना दहावीचा पेपर द्या. सवय लागेल."

मुली खुदकन हसल्या. सरांचा चेहरा लाल झाला. "बाई, तुम्ही बोटं बांधा. खेळ मला कळतो. एवढं येत असेल तर तुम्हीच खेळवा."

"खेळवते," वहिनी म्हणाली.

तिने जन्मात कधी नेटबॉल खेळला नव्हता.

आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, भांडणाला फार भितात. त्यांनी दोघांनाही खूश ठेवायला मागचं छोटं पटांगण आणि आठ शनिवार वहिनीला देऊन टाकले. पुढचे चार दिवस वहिनी मोजपट्टी घेऊन वर्गावर्गांतून फिरली. बाकी कुणी नियमांचं पुस्तक आधी उघडलं असतं, हिने आधी मुली मोजल्या. पंजाची वीत, वर केलेल्या हाताची उंची, पसरलेल्या हाताची लांबी. पुस्तक नंतर वाचलं, तेही भांडत. "तीन सेकंद! तीन सेकंदांत या पोरींना आपली मैत्रीण कोणती तेसुद्धा कळत नाही. सहा लिही."

मी लिहीत गेले. सातच्या जागी पाच जणी. मैदान मोठ्यांच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे चेंडू प्रत्येकीपर्यंत पोचेल. चेंडू एक माप लहान. कडं आठ फुटांवर. चेंडू झेलल्यावर तोल जाऊन एखादं पाऊल जास्त पडलं तर शिट्टी नाही. जिच्या हातात चेंडू आहे तिच्यापासून समोरचीने दोन मोठी पावलं लांब राहायचं, हिसकावायचं नाही. खेळाचे चार भाग, आणि दर भागाला जागा बदलायची. सबंध वेळ कुणी कड्याखाली उभी राहणार नाही आणि सबंध वेळ कुणी बाकावरही बसणार नाही. गोल झाला तर टाळ्या, पण फळ्यावर आकडा नाही.

शेवटचा नियम तिने दात ओठ खात सांगितला. "मोठ्या माणसांनी ओरडायचं नाही. ओरडलं की खेळ थांबेल, आणि ओरडणारा गप्प होईपर्यंत थांबलेलाच राहील."

"जरा सौम्य करूया का? 'विनंती आहे' वगैरे?"

"वन्सं!"

मी तसंच टाइप केलं.

दादाने दोन खांब बनवले. बुडाला लिफ्टची जुनी लोखंडी वजनं बसवली, म्हणजे कुणी आपटलं तरी खांब कलंडणार नाही. रंग मात्र त्याच्याकडे उरलेला होता तोच लावला, त्यामुळे खांब दिसायला लिफ्टच्या दारासारखे करडे झाले.

पहिला शनिवार म्हणजे नुसता बाजार होता. मुली चेंडू पोटाशी धरून पळत सुटल्या, दोघी तर पटांगणाबाहेर गेल्या. दुसऱ्या शनिवारी त्या जाडसर मुलीने गोल केला. चेंडू कड्यावर दोनदा उडाला आणि आत पडला. ती इतकी दचकली की तिने मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कुणी टाकला की काय.

तिसऱ्या शनिवारी एका मुलीचे वडील रेषेशी येऊन "मार, मार, तिच्याकडे कशाला देतेस!" असं सुरू झाले. वहिनीने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना खाली बसवलं. दहा मुली मांडी घालून त्या गृहस्थांकडे बघत बसल्या. ते आधी हसले, मग म्हणाले, "हा काय पोरखेळ आहे?"

"हो," वहिनी म्हणाली. "पोरींचाच खेळ आहे. तुमचा नाही."

ते मोठ्या बाईंकडे तक्रार करायला गेले. सरांनीही शिक्षकांच्या खोलीत "वहिनींची भातुकली" असं नाव पाडलं. ते मी घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्या दिवशी घरात एक पातेलं चेपलं.

पाचव्या शनिवारी मात्र जे झालं ते वेगळं. ज्या मुलीचं मनगट मोडलं होतं तिचं प्लास्टर त्याच आठवड्यात निघालं होतं. डॉक्टरांनी खेळायला अजून हो म्हटलेलं नव्हतं, म्हणून वहिनीने तिला रेषेशी वेळ मोजायला उभं केलं होतं. दोन उंच मुलींपैकी एक चेंडूमागे धावत आली, तिचा धक्का लागला आणि ही नेमकी त्याच हातावर पडली.

वहिनीचा तोल सुटला. "डोळे फुटलेत का तुझे? उंच आहेस म्हणून कुणालाही तुडवशील? चल, हो बाहेर! पुन्हा पाऊल टाकू नकोस इथे!"

सरांच्या आवाजाहून तो आवाज कमी नव्हता. ती उंच मुलगी, उंच म्हणजे तरी किती, नऊ वर्षांची, जागच्या जागी थरथरायला लागली. पडलेली मुलगी उठली, तिने मनगट वळवून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, मला नाही लागलं." मग, "ओरडलं की खेळ थांबतो ना?"

एकेक करत मुली खाली बसल्या.

"तो नियम बाहेरच्यांसाठी. मी रेषेच्या आत आहे," वहिनी म्हणाली. आठ वर्षांच्या मुलींशी वाद घालत होती. मग तिने शिट्टी गळ्यातून काढून माझ्या हातात दिली, उंच मुलीसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं. तू मुद्दाम नाही केलंस."

ती मुलगी म्हणाली, "मला घरी जायचंय."

आणि गेली. पुढच्या शनिवारी आलीच नाही. त्यानंतरच्या शनिवारी आली, पण वहिनीपासून लांब उभी राहिली आणि शेवटपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

"त्या भोंग्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?" वहिनीने मला विचारलं. तिला 'तू माफी मागितलीस' हे उत्तर नको होतं, म्हणून मी दिलं नाही. राग दुसऱ्यावर असतो तेव्हा माणूस बोलून मोकळा होतो. हा तिचा स्वतःवरचा होता, तो तिने दिवसचे दिवस चावला.

आठव्या शनिवारी शाळेच्या वार्षिक सामन्यांत लहान मुलींचाही सामना होता. आदल्या दिवशी सरांनी फलक लावला: लहान गट, मोठं मैदान, दहा फूट. पाहुणे येणार होते, आणि छोटा खेळ दिसायला बरा दिसत नाही, असं सरांचं म्हणणं. मोठ्या बाईंनी मान डोलावली होती.

वहिनी दवाखान्यातून तशीच आली, कोपरापर्यंत प्लास्टरचे शिंतोडे. "पाहुण्यांची उंची मोजा आणि त्यांनाच खेळवा!"

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मनगट मोडायला एक सेकंद लागतो."

सर म्हणाले, "काही होत नाही. झालंच तर किरकोळ."

मी माझ्या टेबलामागून उठले. अठरा वर्षांत त्या खोलीत मी विचारल्याशिवाय बोलले नव्हते. "मोठ्या बाई, उद्या कुणाला लागलं तर जे झालं तेच मी लिहीन. कुणी सांगितलं होतं तेही लिहीन."

मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू कपाट बोललं. बराच वेळ पेन फिरवून त्यांनी तोडगा काढला. कडं आठ फुटांवर, चेंडू लहान, मैदान छोटं, हे वहिनीचं. फळ्यावर आकडे आणि जागा न बदलणं, हे सरांचं. शिट्टी सरांची.

मला वाटलं आपण जिंकलो. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "अर्ध्या हाताला प्लास्टर लावून हाड जुळतं का गं?"

दुसऱ्या दिवशी ती रेषेबाहेर हाताची घडी घालून उभी राहिली. पहिला भाग संपला तसं मुलींनी सवयीने अंगावरचे, जागेचं अक्षर लिहिलेले बिनबाह्यांचे बिब काढून एकमेकींना द्यायला सुरुवात केली. सर गरजले, "जागा सोडायची नाही!" निम्म्या परत गेल्या. निम्म्यांना काय करावं कळेना. जाडसर मुलगी पुन्हा कड्याखाली गेली आणि तिथेच राहिली. ते पाहून वहिनीच्या जबड्याचं हाड हलत होतं, पण तिने तोंड उघडलं नाही. त्याच उंच मुलीने सहा गोल केले आणि हसत हसत आईला जाऊन बिलगली. कुणाला काही लागलं नाही. पाहुण्यांना खेळ आवडला. सरांनी भाषणात सांगितलं की लहान मुलींसाठी शाळेने हा खास प्रकार तयार केला आहे. कुणी तयार केला ते सांगितलं नाही.

"सांगू दे की," दादा म्हणाला. "कडं तर खाली आलं!"

"कडं आलं, माणूस नाही आला," वहिनी म्हणाली.

आता दुसरी-तिसरीच्या मुली कायम आठ फुटांवरच खेळतात. शनिवार वहिनीकडे आहेत; तिच्या पटांगणात जागा बदलते आणि आकडा लिहिला जात नाही. सर आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत, जे काही असेल ते माझ्यामार्फत. मागच्या महिन्यात सरांनी मला विचारलं, चौथीसाठी खांब करायचे आहेत, तुमच्या भावाने ती वजनं कुठून आणली? मी निरोप पोचवला. "स्वतः येऊन विचार म्हणावं," ती म्हणाली. सर आले नाहीत. दादाने मात्र सुट्टीच्या दिवशी गुपचूप जाऊन दोन खांब उभे करून दिले. हे कळल्यावर वहिनीने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शाळेत येऊन तिने खांब मोजला आणि माझ्या टेबलापाशी येऊन त्याला फोन लावला.

"नऊ फूट! माझ्या नवऱ्याच्या हाताने!"

"अगं, चौथीला नऊ बरोबर नाही का?" दादा फोनवर विचारत होता.

"बरोबर आहे की नाही ते पोरींना विचारल्यावर कळेल," ती म्हणाली, फोन माझ्या टेबलावर आपटला आणि चौथीच्या वर्गाकडे निघाली.