पेपरमिंटच्या सिगरेटचं लाल टोक

ही पेपरमिंट ज्यानं काढली ना, त्याला मला एकदा विचारायचंय. पांढरी कांडी, टोकाला लाल रंग, पेटल्यासारखा, आणि पाकीट पण हुबेहूब सिगरेटचं. पोरांनी खायची गोड वस्तू, तिला सिगरेटचं सोंग कशाला पाहिजे? चिक्की कोणी बिडीसारखी वळतं का?

पोरगी माझी तीन वर्षांची. आम्ही वेवजीला राहतो, पलीकडे लगेच गुजरात. दीर तिकडच्या कंपनीत जातो आणि येताना तिला खाऊ आणतो, त्याला मी कधी नाही म्हटलं नाही. पण त्या दिवशी त्यानं ही पेपरमिंट आणली, पोरीला स्वतःचा काळा चष्मा लावला, कांडी दोन बोटात कशी धरायची, मान वाकडी करून धूर कसा सोडायचा, पिक्चरमधले हीरो सोडतात तसा, सगळं शिकवलं, आणि व्हिडिओ काढून, मागे गाणं लावून नेटवर टाकला. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर ओट्यावर नुसता हसण्याचा आवाज. मला वाटलं, पोरगी नाचत असेल.

सकाळी पाण्याला गेले तर बाया मलाच विचारतात, "काय गं, तुझी हीरो उठली का?" एकीनं मोबाईल दाखवला. खाली लोकांनी लिहिलेलं. नववीत शाळा सुटली माझी, पण तेवढं वाचता येतं. एकानं लिहिलेलं, आईकडूनच शिकली असेल. त्याच्याखालचं तर मी सांगणार पण नाही.

दिराला म्हटलं, "भाऊजी, काढून टाका ते."

"काय वहिनी! अख्ख्या तलासरीत पोरगी फेमस झाली आणि तुम्ही काढा म्हणता?"

"पोरीची जात आहे. लोकं काय काय लिहितात."

"अहो पेपरमिंट आहे ती. आंधळ्याला पण कळतं."

सासू बोलली, "चार माणसं हसली तर तुझं काय गेलं? तुला कोणाचं हसूच बघवत नाही." आणि नवरा माझा तिथेच बसून व्हिडिओ परत परत बघतोय, दात काढतोय. मी आत निघून गेले. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. या घरात मी मोठ्यानं बोलले की पहिलं माहेर निघतं.

मग तिला डोस द्यायला तलासरीला नेलं. येताना नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. बाजूला एक गाडी, गाडीला टेकून एक माणूस सिगरेट ओढत होता. पोरीला बघून ओरडला, "अरे, आ तो पेली मोबाईलवाळी छोकरी!" मोबाईलमधली तीच पोरगी ही, म्हणे. त्याच्या दोस्तानं लगेच मोबाईल वर केला. "बेटा, स्टाईल मार ने!" पोरगी खूश, तिनं मान वाकडी केली. आणि त्या मेल्यानं आपली पेटलेली सिगरेट तिच्या तोंडासमोर धरली.

तिनं जीभ बाहेर काढली. तिला काय माहीत? ती पेपरमिंट नेहमी लाल टोकाकडूनच खाते, आधी तेच चाटते, तिला वाटतं तिकडे जास्त गोड असतं.

मी कसा हात मारला मलाच माहीत नाही. सिगरेट उडाली, मनगटाला चटका बसला. तो हसतोय वर, "अरे बेन, मस्ती करीए छीए, आटलो गुस्सो?" मस्करीच करतोय, एवढा राग कशाला, म्हणे. पोरीला उचललं आणि चालत सुटले, रिक्षा गेली तर गेली, आणि पोरगी माझ्या कानात रडतेय, माझी पेपरमिंट, माझी पेपरमिंट.

घरी सांगितलं. सासू म्हणते, "परक्या माणसाला हात लावलास तू? भर नाक्यावर?"

हे विचारलं तिनं! जिभेचं नाही विचारलं!

दीर म्हणतो, "तो माणूस येडा, त्यात माझी काय चूक?" आणि दोन दिवस जातात न जातात तोच नवीन पाकीट खिशात. लोकं दुसरा भाग मागतात म्हणे. पोरीला ओट्यावर बसवलं, चष्मा लावला. मी आतून आले, हाताला पीठ, आणि पोरीच्या पुढ्यात मोबाईलसमोर बसले.

"वहिनी, सरका."

"नाही सरकत. माझा काढा."

"काय लावलंय!"

"काढा ना! मी सांगते सगळ्यांना, नाक्यावर काय झालं ते. जीभ भाजली असती पोरीची, भाऊजी. जीभ!"

त्यानं मोबाईल फिरवला, मी पण तिकडे सरकले. सासू आतून ओरडली, "वेड लागलंय हिला!" लागू दे. पोरगी रडायला लागली म्हणून कांड्या घेतल्या, मोडून बारीक तुकडे केले आणि वाटीत घालून दिल्या. साखरच आहे, खाऊ दे की तिला साखरेसारखी.

पहिला व्हिडिओ अजून फिरतोय. तो माझ्या हातात नाही, कुठे कुठे गेलाय देवाला माहीत, रस्त्यात कोणी पोरीकडे जरा जास्त वेळ बघितलं तरी मी तिला कडेवर उचलून घेते. पण घरात कोणी तिच्यावर मोबाईल धरला की मी हातातलं टाकून जाते आणि मध्ये बसते. केस विस्कटलेले, अंगात गाऊन, तोंड चालूच. असला व्हिडिओ कोण टाकणार? अजून तरी कोणी टाकला नाही.