पाव्हण्यांच्या गावातले काका

"पळू नको. मरशील."

काका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. कंपनीची बस वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि माझ्या मोबाइलमधला माणूस एका ओसाड गावाच्या रस्त्यावरून जीव मुठीत घेऊन पळत होता. मागे सात-आठ झोंबी. मागच्या सीटवरचे एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, त्यांनी हा सल्ला दिला. मी ऐकला नाही आणि अर्ध्या मिनिटात मेलो.

"सांगितलं व्हतं," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आमच्या पेणच्या आळीत जो तो गणपतीच्या कारखान्यात. मी मात्र रोह्याजवळच्या धाटावची कंपनी धरली होती, ट्रेनी म्हणून, आणि माझा दुसराच आठवडा चालू होता. तो खेळ बसमधल्या दिनेशने माझ्या मोबाइलमध्ये टाकून दिला होता. दिनेश माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर आणि दोन वर्षांनी उतावळा. आणि मागच्या सीटवरचे ते गृहस्थ सांडपाण्याच्या विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर निघाले. दिनेशही त्याच विभागात होता आणि माझी नेमणूकही तिथेच झाली होती. बसमध्ये आणि कंपनीत सगळे त्यांना काकाच म्हणायचे, मीही म्हणू लागलो.

पंचावन्न ओलांडलेला, सुटलेल्या पोटाचा, खारेपाटातला माणूस मोबाइलवर झोंबीचा खेळ खेळतो हे मला आधी खरं वाटेना. लेक लग्न होऊन नाशिकला गेली. जाताना तिने फोनमध्ये हा खेळ टाकून दिला आणि सांगितलं, बाबा, बसमध्ये वेळ जाईल. तीही तिथून कधी कधी त्यांच्याबरोबर खेळायची. काका फोन हातभर लांब धरून एका तर्जनीने खेळायचे, अंगठा उठवल्यासारखे दाबून दाबून. आम्ही दोन्ही अंगठे नाचवायचो आणि रोज मरायचो. काका त्या गावात सलग चाळीस दिवस जिवंत होते.

झोंबींना ते 'पाव्हणे' म्हणायचे. "पाव्हण्यांना दिसतं कमी, पण ऐकू लय येतं. म्हणून गप चालायचं. पळलास की पाय वाजतात, आन् दमतोस. दमलेला माणूस पाव्हण्यांचा जेवणाचा डबा." पाव्हण्यांशी मारामारी करायचा त्यांचा हिशेब सरळ होता. एक असला तर बघू. दोन असले तर मागं सरू. तीन असले तर आपलं घर बरं. दिनेश याला भित्रेपणा म्हणायचा. काका म्हणायचे, "व्हय, भित्राच हाय मी. तुझा कितवा जन्म चालू हाय आज?"

नवख्या माणसाला तिथे पहिल्या घरात शिरलं की हत्यार शोधायची घाई असते. तुम्हीही खेळून पाहा, तुम्हीही तेच कराल. आम्ही तिघांनी एकत्र नवा डाव मांडला तेव्हा मी कुऱ्हाड शोधली, दिनेशने बंदूक शोधली. काका मोरीत गेले आणि पाणी भरायला बसले. बादली, पातेली, बाटल्या, चहाची किटली, शेवटी एक फुलदाणीसुद्धा. गावात पाव्हणे मोकाट सुटलेत आणि हा माणूस नळाखाली फुलदाणी धरून बसलाय! आम्ही हसून हसून लोळलो. पुढे तर पाण्याचं ओझं होऊन त्यांना अन्न उचलता येईना, आणि एका दुपारी ते तुडुंब पाण्याशेजारी उपाशीच मेले असते, आम्ही बिस्किटं दिली म्हणून वाचले. अशी चूक खारेपाटातला माणूसच करणार. तिथे खाडीकाठी प्यायचं पाणी नाही, लोकांनी टँकरची वाट बघण्यात जन्म काढलेत.

"पाणी जाणार हाय," ते एवढंच म्हणायचे. आठव्या दिवशी त्या गावातले नळ खरंच बंद पडले. मग मी त्यांच्या फुलदाणीतलं पाणी प्यायलो तेव्हा ते हसले नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे.

बाकीचे धडेही असेच बसमध्ये मिळाले. घरात शिरण्याआधी घराला एक प्रदक्षिणा घाल. दार ठोक आणि बाजूला उभा राहा, आत कोण असेल तो आपणच बाहेर येईल. दोन दारांचं घर निवड. पिशवीत ज्याची उद्या गरज आहे ते ठेव, परवाचं परवा. मला वाटायचं, या माणसाचं डोकं या खेळात भलतंच चालतं. मग एका सकाळी कंपनीत त्यांनी मला आमचा विभाग दाखवायला घेतला आणि माझ्या लक्षात आलं, की हे सगळं ते तिथूनच उचलून आणत होते.

मोबाइल गेटवर जमा केला होता, हातात काही नव्हतं. काकांनी आधी सबंध विभागाला एक प्रदक्षिणा घालायला लावली. वारा कुठल्या बाजूने आहे ते दाखवणारी कापडी पिशवी दाखवली. बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवल्या आणि दोन्हींवरून मला चालवलं. बीए सेट कुठल्या कपाटात आहे ते दाखवलं. बीए सेट म्हणजे पाठीवर हवेचं नळकांडं आणि तोंडावर मास्क. तो उघडून, चढवून, उतरवून, पुन्हा चढवायला लावला. मग एका खोल टाकीच्या काठाशी उभं करून म्हणाले, "हितं विषारी वायू साठतो, कुजक्या अंड्याचा वास येतो. येतो तवर ठीक. यायचा थांबला, की समज तुझं नाक मेलं. मग तू."

मी मान डोलावली. नवख्या माणसाची मान फार छान डोलते.

खेळातला एक प्रसंग सांगायलाच हवा. मी त्या गावातल्या औषधाच्या दुकानात शिरलो, प्रदक्षिणा न घालता, आणि पाव्हण्यांनी मला पाडलं. पडलेल्या गड्याला दुसऱ्याने वेळेत येऊन उठवलं तर तो वाचतो. दिनेश ओरडत धावला आणि माझ्याशेजारी पडला. आम्ही दोघंही "काका, काका" करत होतो. काका रस्त्यावर उभे होते. त्यांनी दुकानाचा दरवाजा बाहेरून लावून घेतला आणि निघून गेले.

नागोठणं येईपर्यंत आम्ही त्यांच्याकडे पाठ फिरवून बसलो.

"आत सहा पाव्हणे," ते शेवटी म्हणाले. "दोघं गेलात. तिसरा कशाला?"

"निदान प्रयत्न तरी करायचा!" दिनेश म्हणाला.

"पडलेल्याकडं धावायचं नाय. आधी आपला श्वास, मग त्याचा."

"तुम्हाला काळीज नाही, काका."

"आसंल," असं म्हणून त्यांनी डबा उघडला आणि आम्हाला वालाची उसळ देऊ केली. आम्ही रागातच खाल्ली.

पुढची गोष्ट खेळातली नाही.

एका दुपारी माझ्या हातातून पाना निसटला आणि रिकाम्या टाकीत पडला. टाकी सकाळी धुवून उपसलेली होती. खाली तळाशी पाना चकाकताना दिसत होता. आत उतरायला लेखी परवाना लागतो, हवा तपासावी लागते, हे सगळं मला पाठ होतं. पण माझा तिसरा महिना होता, पाना हरवला म्हणून साहेबांपुढे उभं राहायची लाज वाटत होती आणि दोन मिनिटांचं काम होतं. मी शिडी उतरलो. वास येत होता. मग यायचा थांबला. मला बरंच वाटलं.

त्यानंतरचं मला थेट रोह्याच्या दवाखान्यातलं छत आठवतं. आणि आईचा हात.

मधलं सगळं मला दिनेशने सांगितलं. मला खाली पडलेलं त्याने पाहिलं आणि तो ओरडत धावला, थेट शिडीकडे. काकांनी त्याची कॉलर मागून धरून त्याला खाली बसवलं. म्हणाले, घंटा वाजव आणि हवेचा पाइप त्याच्या तोंडापाशी सोड, पाय खाली टाकलास तर तंगडी मोडीन. आणि मग ते बीए सेट आणायला गेले.

"चालत गेला रे तो," दिनेश सांगत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "चालत. चहा आणायला जावं तसा. तू खाली पडलायस आणि तो कपाट उघडतोय, पट्टे आवळतोय, काटा बघतोय, पुन्हा बघतोय. कमरेला दोर बांधून घेतला, त्याची गाठ ओढून बघितली. मला वाटलं, ढकलून द्यावं त्याला."

मग ते उतरले आणि मला घेऊन वर आले.

सेफ्टीच्या साहेबांनी नंतर आम्हाला हॉलमध्ये बसवून समजावलं. अशा टाकीत पहिला पडतो तो चुकीने, दुसरा पडतो तो मायेने, आणि तिसरा दुसऱ्यासाठी. काका सेटशिवाय उतरले असते किंवा धापा टाकत कसातरी मास्क चढवून उतरले असते, तर त्या दुपारी तीन मढी निघाली असती. डोक्याला ते पूर्ण पटलं. मनाला पटेना. माझी आई तर उघडच म्हणायची, "माझं लेकरू खाली मरतंय आणि हा माणूस चालत गेला." आई खोटं बोलत नव्हती.

खरं सांगतो, ज्याने मला वाचवलं त्याच्यावरच मी रुसलो. महिन्याभराने कामावर परतलो तेव्हा बसमध्ये पुढे ड्रायव्हरच्या मागे बसायला लागलो. खेळ मोबाइलमधून काढून टाकला. काकांचे आभार मानले, रीतसर, चार लोकांसमोर, हात जोडून. पण त्या चालण्याबद्दल मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. पाय उचलत नव्हते, भीती वाटली, काळजात धस्स झालं, काहीही चाललं असतं. तो माणूस काही बोलेल तर शपथ.

एकदाच, हात धुताना, नळाशी आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "रुसलास व्हय?"

मी साबण हाताला चोळत राहिलो.

"रुस. जिवंत हायस म्हणून रुसतोस. रुस बापड्या." आणि नळ घट्ट बंद करून, तो गळतोय का ते दोनदा बघून, ते निघून गेले.

वर्षभराने ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये शाल, नारळ, भाषणं झाली. दिनेश भाषण करताना म्हणाला, काकांनी कधीही घाई केली नाही, आणि सगळे हसले. काकाही हसले. मी पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला असं मला वाटलं. मग ते बसमध्ये मागच्या सीटवर बसून शेवटचे पेणला गेले, आणि काही दिवसांनी काकूंना घेऊन लेकीकडे नाशिकला राहायला गेले. मागची सीट आता जो आधी चढेल त्याची असते. मी त्यांना फोन करीन करीन म्हणत राहिलो. आजारी माणसाला भेटायला जायचं राहून जातं तसं राहून गेलं.

आता मी तिथलाच पक्का ऑपरेटर आहे. परवा गेटवर मोबाइल जमा करताना म्हाताऱ्या वॉचमनशी गप्पा निघाल्या. तो रोह्याचा, कधी नव्हे ते बोलायच्या लहरीत होता. म्हणाला, "तुमचा तो पेणवाला काका पळायचा मात्र जोरात हां."

मी म्हटलं, "कोण? काका? ते तर जन्मात पळाले नसतील."

"कोण सांगतो? मी बघितलाय ना ह्या डोळ्यांनी. तुझ्याच टायमाला." त्याने रजिस्टर मिटलं. "तुला घेऊन गाडी गेटातनं बाहेर पडली. मागनं हा आला. पाठीवर ते नळकांडं तसंच, पायात गमबूट, आन् धावत. मी म्हटलं, काका, थांबा, सुटली गाडी. कुठला थांबतो. पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेला. गाडी वळली, दिसंना झाली, तरी हा पळतोच हाय. तुझं नाव घेऊन हाका मारत व्हता गाडीला. रडत व्हता रे, लहान पोरासारखा. त्या रस्त्यावर ट्रकवाले थांबून बघाया लागले."

मी गेटाबाहेरच्या त्या रस्त्याकडे बघितलं.

"एक बूट रस्त्यातच निसटला व्हता," वॉचमन म्हणाला. "मीच जाऊन उचलून आणला. ह्यानं तोंड पुसलं. बूट पायात घातला, आन् आत गेला, सावकाश, चालत."