आईच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या बहिणीने माझी आई पळवून नेली, असं मी दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होतो. मंडळाच्या गणपतीत सांगितलं, मेकअपच्या खुर्चीत बसून सांगितलं, एका मुलाखतीत तर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. ते पाणी खरं होतं. गोष्ट मात्र अर्धीच होती.

आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील एका मंत्रालयात कारकून. बाजार दोन मिनिटांवर, आणि त्या बाजारात आईला फसवणारा दुकानदार मी पाहिला नाही. कापड अंगठा आणि तर्जनीत धरून ती एकदाच चोळायची आणि सांगायची, यात नायलॉन आहे. दुकानदार मुलांच्या शपथा घ्यायचा. आई कापड खाली ठेवून चालू लागायची. तिचा नियम होता, दहा पावलं मागे न बघता जायचं. हाक आली तर माल आपला. नाही आली तर घरी जायचं, कारण जो आपणहून परत येतो त्याला समोरचा सांगेल तो भाव द्यावा लागतो.

मी याच विद्येवर मोठा झालो. माझ्यामागे कोणी नव्हतं, ना काका ना मामा. नोएडाच्या स्टुडिओत पहिल्या मालिकेच्या वेळी मी निर्मात्यासमोरून उठलो आणि फाटकापर्यंत चालत गेलो. फाटकाशी हाक आली. पुढची सहा वर्षं मी हिंदी वाहिनीवर घराघरातला डॉक्टर होतो.

लोकांना ती भूमिका फार खरी वाटायची. एका लग्नात एका बाईंनी पिशवीतून एक्स-रे काढून माझ्यापुढे धरला. मी तो ट्यूबलाइटकडे करून पाहिला आणि मालिकेतलं माझं ठरलेलं वाक्य म्हटलं, ‘चिंता की कोई बात नहीं.’ त्या खरोखर निश्चिंत झाल्या. मी हसलो. तेव्हा हसू यायचं.

आगीच्या एका प्रसंगात नायिकेला उचलून जिना उतरताना माझी पाठ धरली. युनिटमधल्या कोणीतरी एक कडक गोळी दिली. दुखणं गेलंच, पण त्याबरोबर सकाळपासूनची चिडचिड, उद्याची भीती, सगळं मऊ झालं. महिन्या-दोन महिन्यांत पाठ बरी झाली आणि गोळी राहिली. ती चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण आमच्या केमिस्टने हसून म्हटलं, ‘डॉक्टर साहब से पर्ची क्या माँगना,’ आणि माझ्याबरोबर फोटो काढला. मग मी प्रत्येक वस्तीत एक केमिस्ट शोधला. एक फोटो, एक पाकीट. काउंटरमागे माझी हसरी तसबीर लागायची आणि तिच्याखाली मी हात पुढे करून उभा असायचो.

पुढे तपासण्या वाढल्या, केमिस्ट घाबरले. त्याच सुमारास आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. वडील गेल्यावर ती माझ्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये राहत होती. तिला वेदनेसाठी लिहून दिल्या त्या माझ्याच गोळ्या होत्या. फॅमिली पेन्शनच्या कार्डावर त्या सरकारी डिस्पेन्सरीतून मिळायच्या आणि कार्ड घेऊन मी जायचो. तिथले डॉक्टर पंधरा दिवसांच्याच द्यायचे. मी महिन्याच्या मागितल्या. ते म्हणाले, डायलॉग ऐकवाल तर बघू. मी रांगेतल्या म्हाताऱ्या पेन्शनरांसमोर ‘चिंता की कोई बात नहीं’ म्हणून दाखवलं. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी महिन्याचा माल घेऊन बाहेर पडलो.

सुरुवातीला मी तिच्या गोळ्यांतल्या एक-दोन घ्यायचो. मग अर्ध्या. मग डबी रिकामी दिसू नये म्हणून मी दुकानं हिंडून तशाच पांढऱ्या, तेवढ्याच आकाराच्या गोळ्या शोधल्या. अ‍ॅसिडिटीच्या होत्या. तळहातावर दोन्ही शेजारी ठेवून मी मालाला माल जुळवला, आईने शिकवलं होतं तसा. आणि रोज सकाळी पाण्याच्या पेल्याबरोबर तिला खोटा माल दिला. ती गोळी बोटांत धरायची, क्षणभर थांबायची आणि गिळायची. तिने कधी विचारलं नाही. मी खूश होतो, की जुळवणी जमली.

भाऊबीजेला ताई ओवाळायला आली. ती मयूर विहारला राहते, शाळेत शिकवते. आई ताट आणायला उठली आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. ओठ पांढरे पडले होते. ताईने तिला बसवलं, गोळी घेतलीस का विचारलं आणि डबी उघडली. एक गोळी तिने खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिली.

‘ही ती नाही,’ ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘मीच बदलायला सांगितल्या. आधीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं.’

ताईने आईकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. माझं डोकं फिरलं. महिन्यातून एकदा येतेस आणि माझ्या घराची झडती घेतेस, म्हणून मी ओरडलो, आणखीही बरंच बोललो. ओवाळणीच्या ताटाला माझा हात लागला. लागला म्हणजे मी ते ढकललं. निरांजन उलटलं, कुंकू फरशीभर झालं. संध्याकाळच्या आत ताई आईची बॅग भरून तिला घेऊन गेली. हीच ती पळवापळवी.

त्यानंतर काम गेलं. वाक्यं विसरू लागलो, सेटवर दुपारी पोचू लागलो. मी पुन्हा एकदा उठून फाटकापर्यंत गेलो. या वेळी हाक आली नाही. मालिकेत डॉक्टर अमेरिकेला गेला, एका वाक्यात. गुरुग्रामजवळच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी दोनदा भरती झालो. पहिल्यांदा पळून आलो, दुसऱ्यांदा राहिलो. आई फोनवर जेवलास का, एवढंच विचारायची. मी हो म्हणायचो.

गोळ्या सुटून पाच महिने झाल्यावर मी मयूर विहारला गेलो. तिसरा मजला. दार ताईने उघडलं. आई आतल्या खोलीत आहे, भेट, ती म्हणाली. ‘पण आधी गोळ्यांचं तिला सांगायचं. तुझ्या तोंडाने.’

मी म्हटलं, इतक्या दिवसांनी तिला कशाला त्रास? मग म्हटलं, तुझ्यापाशी कबूल करतो, तेवढं पुरे. मग म्हटलं, चिठ्ठी लिहून देतो, तू वाचून दाखव.

‘भाव करू नकोस,’ ताई म्हणाली. ‘मीपण त्याच बाजारात वाढलेय.’

मी पाठ फिरवली आणि जिना उतरू लागलो. खरं सांगतो, प्रत्येक पायरीवर कान मागे होता. दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी उगाच बांधली. खाली पोचलो तरी हाक नाही. रागाने माझे कान तापले होते. मनात मुलाखतीतली वाक्यं पुन्हा जुळू लागली होती.

फाटकावरच्या गार्डने मला ओळखलं. फोटो मागेल असं वाटलं, पण तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, ‘डॉक्टर साहब, मिसेज की कमर में बहुत दर्द रहता है. कोई अच्छी गोली बता दीजिए.’

माझं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. ‘मैं डॉक्टर नहीं हूँ,’ मी म्हटलं. ‘हॉस्पिटल ले जाओ. किसी से गोली मत पूछना.’ तो ओशाळला. त्याला वाटलं, मोठ्या माणसाला राग आला.

मी परत वर गेलो. सांगतील तो भाव द्यायला. ताईने दार लावलं नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं.

आई पलंगावर उशीला टेकून मटार सोलत होती. खूप बारीक झाली होती. मी स्टूल ओढून बसलो आणि सांगितलं. डिस्पेन्सरीतल्या टाळ्यांपासून अ‍ॅसिडिटीच्या गोळीपर्यंत. मला वाटलं होतं रडू येईल, आणि रडलं की माणसं थांबवतात. रडू आलं नाही, म्हणून शेवटपर्यंत सांगावं लागलं.

आईने हातातली शेंग सोलून संपवली.

‘माहीत होतं रे,’ ती म्हणाली. ‘त्या गोळीला मधे रेघ असते. बोटाला लागते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘वाटलं, माझं काय, म्हातारपणाचं दुखणं. तुला तरी झोप लागत असेल.’

मग तिने मटारचं ताट माझ्याकडे सरकवलं. मी सोलत बसलो. मान वर करून बघायची हिंमत नव्हती. जिला सबंध बाजार फसवू शकला नाही, तिने माझा खोटा माल जाणूनबुजून, एक शब्द न बोलता, किती सकाळी गिळला असेल याचा हिशोब मी अजून करू शकलेलो नाही.

ताईवरचा राग पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. तिने एक हाक मारायला हवी होती. आता मी दर रविवारी जातो. बेल वाजली की ती आधी आईची डबी कपाटात ठेवून कुलूप लावते आणि मगच दार उघडते. किल्ली फिरल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येतो. दर वेळी अंगाचा तिळपापड होतो. पण एका रविवारी तो आवाज आला नाही, तिच्याकडे आलेल्या, तिच्या नवऱ्याच्या भाचीने धावत येऊन दार उघडलं, तेव्हा मी आत पाऊल टाकलं नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, ‘ताई, कपाट.’