बगळ्यांमागची कोरी जागा

कडेगावच्या स्टँडवर विट्याच्या गाडीची वाट बघताना ते आजोबा रोज दिसायचे. पांढरी टोपी, मिलिटरीतला जुना खाकी स्वेटर, मांडीवर फळी आणि फळीवर कागद. शाईच्या पेनानं पाखरं काढायचे. ओल्या शाईला लागू नये म्हणून स्वेटरची बाही कोपरापर्यंत दुमडलेली असायची.

एकदा मी शेजारी बसलो. कागदावर नांगरट चालली होती. ढेकळं बारीक रेघांनी काळी केलेली आणि ट्रॅक्टरच्या मागं बगळे, नुसत्या कोऱ्या कागदाचे.

“बगळ्याला शाई लावायची न्हाई,” ते म्हणाले. “भवतीनं काळं करत यायचं. त्यो आपसूक हुबा ऱ्हातो.”

बगळ्यांच्या मागं, बांधाजवळ, आणखी एक कोरी जागा होती. बगळ्यांपेक्षा बरीच उंच. अर्धवट काम मला बघवत नाही. मी बोट दाखवून म्हणालो, “आजोबा, एवढं भरायचं राहिलं.”

पेन थांबलं.

“ऱ्हायलं न्हाई, बाळा. आमची कारभारीण भाकरी घिऊन तितं हुबी ऱ्हायची. औंदा गेली.”

माझी गाडी लागली. मला उठवेना. आजोबा त्या जागेच्या कडेकडेनं रेघा ओढत खाली आले आणि पायांपाशी थांबले.

“चपला बांधावर काढूनच शेतात यायची. ढेकळं लय टोचायची तिला.”

तेवढ्या जागी त्यांनी ढेकूळ काढलं नाही. मऊ गवत काढलं.