दोरीवरची घोडी

अगं सुमे, फोन जरा कानाजवळ धर आणि आधी बोलणी खा. लेकीनं माहेरची वाट इतकी विसरावी?

आज सकाळी आपल्या माथेरानच्या तांबड्या वाटेनं शेजारची नंदा घोडीवर बसून निघाली, आणि घोडीच्या तोंडात लगामाची लोखंडी कडीच नव्हती. नाकावरून नुसती दोरी बांधलेली.

“अगं बये, लगाम कुठाय?”

“कडीनं तोंड सोललंय तिचं, काकू. दोरीवरही ऐकते ती.”

“आणि नाही ऐकलं तर?”

“मग तुम्ही हाक मारा. तुमच्या आवाजाला अख्खा डोंगर थांबतो!”

हसत हसत ती दरीच्या कडेला पोचली आणि माकडानं धाडकन तिथल्या टपरीच्या पत्र्यावर उडी टाकली. घोडी बिथरून दरीकडेच सरकली. हाक कसली मारते, माझी दातखीळ बसली. नंदानं मात्र दोरी ओढली नाही. उलट सैल सोडली, घोडीच्या मानेवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. घोडी थरथरत थांबली.

कडी असली की वाटतं, जनावर आपल्या हातात आहे. ती काढली की कळतं, ते आपलं ऐकतं, इतकंच. एखाद दिवशी नाही ऐकलं तर?

तुलाही मी कधी ओढून धरलं नाही, सुमे. त्याचंच आता रोज तिन्हीसांजेला भय वाटतं. आत्ताही ओढत नाही, बाई. नुसती हाक मारतेय. लवकर येऊन जा.