खंडेरावाची बहीण

साळू आणि मी नाशिकच्या एका मिशन हॉस्पिटलात एकाच वर्षी नर्सिंगला लागलो. शिकत असताना एकाच खोलीत राहिलो. पुढे मी सरकारी नोकरीत गेले, लग्न केलं, इंदिरानगरात घर झालं. साळू ख्रिस्ती झाली आणि मिशनरी म्हणून आफ्रिकेत गेली, मलावी नावाच्या देशात. तिथे एका मोठ्या तळ्याकाठच्या दवाखान्यात ती बायकांची बाळंतपणं करायची आणि रविवारी त्यांनाच जमवून प्रार्थना घ्यायची.

ती गंगापूर रस्त्याकडच्या मळेकऱ्यांची मुलगी. घरी झेंडू, शेवंती आणि थोडा भाजीपाला. वडील बहिरू पहाटे फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात जात. साळूचं लग्न लहानपणीच झालं आणि दोन वर्षांत नवरा धनुर्वाताने गेला. त्याला मिशन हॉस्पिटलच्या ज्या वॉर्डात आणलं होतं तिथेच ती नंतर आया म्हणून लागली. मेट्रनबाईंनी तिला शिकायला लावलं. 'धर्म बदल' असं मात्र तिला कुणीच म्हटलं नव्हतं. ती मला सांगायची, "मी रोज सगळ्यांबरोबर प्रार्थनेला उभी राहायचे. एक दिवस लक्षात आलं, की मी आता नुसती उभी नाहीये."

१९८१ साली तिने बाप्तिस्मा घेतला आणि स्वतः जाऊन घरी सांगितलं. तिच्या पाठचा भाऊ खंडेराव विहिरीवर गेला, सगळ्यांदेखत बहिणीच्या नावानं आंघोळ केली आणि ओल्या अंगानं येऊन म्हणाला, "साळू वारली." त्यानंतर त्या घराचं दार तिला बंद झालं. बहिरूबाबा गेले तेव्हा ती मलावीत होती. तिला ते पावसाळा उलटल्यावर कळलं.

१९९९च्या फेब्रुवारीत खंडेरावाची बायको लंकाबाई भाजीची पिशवी घेऊन माझ्या दारात आली. सासूबाईंच्या, म्हणजे फुलाबाईंच्या हृदयाचं काम बिघडलं होतं. पायांना सूज, धाप, आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. "त्या सारखं साळू, साळू करत्यात," लंकाबाई म्हणाली. "तुम्ही कळवा. मी सांगितलं म्हनू नका." मी त्याच संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन मलावीला फोन लावला.

साळू आली ती वाळून आलेली. केस पिकले होते, मराठी बोलताना मध्येच अडखळायची. तिला बघून आनंद झाला, पण भीतीही वाटली. ते दिवस चांगले नव्हते. नाताळात शेजारी गुजरातेतल्या डांगात प्रार्थनाघरं जाळली होती. जानेवारीत ओडिशात एका मिशनऱ्याला त्याच्या दोन लहान मुलांसकट गाडीत जाळलं. पेपरात रोज धर्मांतराच्या बातम्या. आणि ही गळ्यात क्रूस घालून माझ्या ओट्यावर भाजी निवडत बसलेली.

खंडेरावाला विचारायला आधी मीच मळ्यावर गेले. तो फुलांच्या वाफ्यात होता. माझं बोलणं त्याने खाली बघतच ऐकलं. मग म्हणाला की रविवारी सायलीचा साखरपुडा आहे. सायली ही त्याची एकुलती एक मुलगी. मुलाकडचे पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षांचे व्यापारी, देवधर्माचं कडक घर. त्यांना सायलीला आत्या आहे हेच ठाऊक नव्हतं. तरी आईसाठी त्याने होकार दिला, पण अटींवर. दुपारी यायचं, गावात कुठे थांबायचं नाही, क्रूस दिसायला नको, आणि देवाचं नाव काढायचं नाही. "आईच्या कानावर येशूचं नाव पडलं तर मी तिला हाताला धरून भाईर काढीन," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच मला ते खरं वाटलं.

साळूने सगळं ऐकून घेतलं. आई जायच्या आत तिला एकदा आपल्या प्रभूबद्दल सांगायला मिळावं, ही तिची किती तरी वर्षांची प्रार्थना होती. तिकडे ती परक्या बायकांना हेच रोज सांगत होती. शेवटी तिने मान हलवली. "शब्द देते म्हणावं," ती म्हणाली आणि क्रूस ब्लाउजच्या आत सारला.

गुरुवारी दुपारी आम्ही रिक्षाने गेलो. वस्तीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बारकू बसला होता. तो खंडेरावाच्याच भावकीतला, अलीकडे पाच-सात तरुणांना घेऊन फिरायचा. त्याने रिक्षात वाकून पाहिलं. साळूने ओळखून नमस्कार केला. त्याने केला नाही.

घरात शिरताना साळू उंबऱ्याशी थबकली. लंकाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. सायली चुलीपाशी उभी होती, तोंड घट्ट मिटून. फुलाबाई आतल्या खोलीत खाटेवर उशांना टेकून बसवलेल्या. साळूने आधी आईची नाडी धरली, मग पायाच्या सुजेवर बोट दाबून पाहिलं. डोळे पुसायचं तिला नंतर सुचलं. फुलाबाई तिच्या दंडावरून हात फिरवत राहिल्या. "तिथं खायाला मिळत नाय का?" एवढंच त्या म्हणाल्या.

खंडेराव दारात उभा होता. आत येत नव्हता, जातही नव्हता.

माय-लेकी हळू आवाजात बोलत राहिल्या. तिकडचं पाणी, तिकडचं पीक, बहिरूबाबांचं शेवटचं दुखणं. मला वाटलं, निभावलं. एवढ्यात फुलाबाईंनी विचारलं, "साळे, मी आता जायाची. तू तुझ्या देवाकडं जाशील, मी माझ्या. मंग आपली भेट व्हायची का नाय?"

आईच्या पाठीवरून फिरणारा साळूचा हात थांबला. मी दाराकडे बघितलं नाही, पण खंडेरावाचा श्वास मला ऐकू येत होता.

"आई, मी खंडूला शब्द दिलाय," ती म्हणाली. "मला बोलता यायचं नाय."

"त्याचं काय मधी? मरायची मी हाय का तो?"

बाहेर विहिरीची मोटर चालू होती, ती कुणीतरी बंद केली. लंकाबाईने पदर तोंडाला लावला. खंडेराव चौकटीवर हात टेकवत बोलला. "इचारलंय तिनं. सांग."

मलावीत या प्रश्नाला साळू अडत नसे. तिथे उत्तर तयार असायचं आणि ते ती विश्वासाने द्यायची. आज ते उत्तर तिच्या ओठावर आलेलं मला दिसलं, आणि ते आईला देणं तिला जमेना हेही दिसलं. त्या उत्तरात फुलाबाईंसाठी जागा होती ती एका अटीवर, आणि तशी अट मरणाऱ्या आईपुढे ठेवायची कशी?

"मी ज्याच्याकडं जाणार हाय," ती शेवटी म्हणाली, "तो लय दयाळू हाय आई. येशू त्याचं नाव. त्यानं मला कधी टाकलं नाय. तुझं-माझं काय व्हईल, ते मला ठाऊक नाय. मी रोज त्याला इचारते."

फुलाबाईंनी थोडा विचार केला. "मंग त्याला माझं नाव सांगून ठिव," त्या म्हणाल्या. "फुलाबाई म्हनून एक यील, म्हनावं. अन् मी खंडोबाला तुझं सांगते. कुनी ना कुनी वळख दील."

साळूने आईच्या हातावर कपाळ टेकलं. ती प्रार्थना करत होती की रडत होती, मी सांगू शकत नाही.

तेवढ्यात बाहेर आवाज वाढले. बारकू आणि त्याची माणसं अंगणात आली होती. आमचा रिक्षावाला केव्हाच निघून गेला होता. पत्र्यावर एक दगड पडला, घरंगळत खाली आला. "म्हातारीला बाटवायचं चाललंय का आत?" कुणीतरी विचारलं. खंडेराव बाहेर गेला. लंकाबाईने मधलं दार लोटलं. सायली पुढे आली आणि साळूला म्हणाली, "आत्या, तुम्ही जा ना. मागच्या दारानं जा. रविवार माझा आहे." साळू उठली. मागच्या दाराकडे न जाता ती अंगणाकडे निघाली, म्हणजे मारायचं तर मलाच मारतील, असं ती मला नंतर म्हणाली. लंकाबाईने तिला कंबरेला धरून थांबवलं.

दाराच्या फटीतून मला बारकूचा चेहरा दिसत होता. "तूच तिच्या नावानं आंघोळ केली ना?" तो विचारत होता. "मंग आत कोन बसलीय?"

"केली व्हती," खंडेराव म्हणाला. मग त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बाजूला होणार. "माझी बहीण हाय," तो म्हणाला. "आईला भेटाया आली. कुनाला बघायचं आसंल त्यानं चपला काढून आत यावं, आईला भेटावं अन् जावं."

कुणी पुढे होईना. शेवटी बारकूने चपला काढल्या आणि एकटा आत आला. फुलाबाईंनी डोळे बारीक करून त्याला ओळखलं आणि त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. सूज उतरली का, तेल लावता की नाही. बारकू उभ्या उभ्या उत्तरं देत राहिला. त्याने साळूकडे पाहिलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि निघाला. जाताना अंगणात खंडेरावाला म्हणाला, "पिंपळगावला कळंल हे."

आणि कळलं. शनिवारी सोयरीक जमवणारा सोमा आला. त्याने वाट काढून आणली होती: बाई जबरदस्तीने घरात घुसली, आम्ही तिला हाकलून दिली, असं खंडेरावाने पाहुण्यांपुढे सांगायचं, की साखरपुडा ठरल्याप्रमाणे. खंडेराव तसं म्हणायला तयार होईना. सोमाने समजावलं, लंकाबाईने समजावलं, सायलीने बापाचे पाय धरले. त्याने नुसती नकाराची मान हलवली. सोयरीक मोडली.

साळूला हे कळल्यावर ती पिंपळगावला जाऊन पाया पडायला निघाली होती. खंडेरावाने निरोप धाडला, की तू मध्ये येऊ नकोस. परत जाताना ती मला म्हणाली, "आपल्या विश्वासाची किंमत आपण मोजावी. माझी सायलीनं मोजली."

डॉक्टरांचा अंदाज चुकला. फुलाबाई आणखी चार वर्षं राहिल्या, कधी बऱ्या, कधी आडव्या. खंडेराव सणासुदीला त्यांना माझ्याकडे आणायचा आणि मी मलावीला फोन लावून द्यायचे. तो स्वतः बाहेर पायरीवर बसायचा. सोयरीक मोडली त्याच्या पुढच्या वर्षी सायलीचं लग्न येवल्याला झालं, पैठणी विणणाऱ्या घरात. साध्या, कष्टाच्या माणसांत. आत्याला बोलवायचं नाही ही तिचीच अट होती, आणि साळूने ती विनातक्रार मानली.

२००३च्या उन्हाळ्यात फुलाबाई झोपेतच गेल्या. या वेळी मलावीला फोन खंडेरावाने स्वतः केला. साळू दहाव्याच्या दिवशी पोचली. ती विधींना बसली नाही, कुणी बस म्हटलंही नाही. दुपारी जेवणं झाल्यावर ती आईच्या रिकाम्या खाटेशी बसून होती, मी भिंतीशी. सायली दोनदा त्या खोलीत आली आणि तशीच परत गेली. तिच्या कडेवर तिची वर्षभराची मुलगी दिशा होती, किरकिरणारी.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा पोरीचं अंग तापलं होतं. आधी माझ्याकडे बघून, मग मान वळवून ती म्हणाली, "आत्या, हिला सारखा ताप येतो. कान ओढत राहते. तुम्ही बघता का?"

साळूने हात पुढे केले. सायलीने मुलगी तिच्याकडे दिली आणि साळूने सांगितलेला कापसाचा बोळा, कोमट पाणी आणायला चुलीकडे गेली.